डुमिंगच्या तोंडची इंग्रजी

१

देवबागला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड, आणि माडांच्या सावलीत घरं. मारियान फर्नांडिसचं घर खाडीच्या अंगाला होतं. मालवणच्या एका हायस्कुलात तिने उभी हयात इंग्रजी शिकवलं. नवरा डॉमिंगो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सगळा गाव त्याला डुमिंग म्हणे आणि मारियानही. इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती.

नारळीपौर्णिमेनंतर, होड्या पाण्यात उतरायच्या धामधुमीत, एका इंजिनावर वाकलेला असतानाच डुमिंगला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. काहीही विचारा, ‘ये ये ये’ एवढंच यायचं. भूक लागली तरी ‘ये ये’, राग आला तरी ‘ये ये’. मारियान त्या एका अक्षराचे चढउतार ओळखायला शिकली. सकाळी त्याला अंघोळ घालायची, मागच्या पडवीत खाडीकडे तोंड करून खुर्चीत बसवायचं, पेज भरवायची. मग दिवसभर आतबाहेर करता करता त्याच्याशी बोलत राहायचं. दोघांचं बोलणं एकटीने.

अशाच एका सकाळी ती पेजेत मीठ घालायला गेली तर बरणीतल्या मिठाचं पाणी झालेलं. पावसाळा संपून कितीतरी दिवस झाले होते. वाळत घातलेली सुकट करकर वाजत होती, ओठ फुटत होते, आणि मीठ असं पाझरलेलं. बरणीला चीर गेली असेल, असं पुटपुटत तिने ती उलटसुलट करून बघितली. बरणी धड होती. तिने दुसरं मीठ काढलं आणि पेज घेऊन पडवीत आली.

दोनचार घास गेले. डुमिंगने घास गिळला, तिच्याकडे न बघता तोंड उघडलं आणि स्वच्छ म्हणाला, “हायग्रोमीटर.”

“हवेतला ओलावा मोजायचं यंत्र,” मारियान म्हणाली. “ग्रीक. हायग्रोस म्हणजे ओला.”

चर्चमध्ये पाद्रीच्या शब्दामागून ‘आमेन’ यावं तसं ते तिच्या तोंडून आलं. मग चमचा तिच्या हातातून वाटीत पडला.

“काय म्हटलंस, डुमिंग? परत म्हण.”

“ये ये,” डुमिंग म्हणाला.

२

हा खेळ तिचा आणि डेलिशाचा होता.

डेलिशा त्यांची एकुलती एक लेक, उशिरा झालेली. लहानपणी एकदा आईबरोबर डेअरीवर गेली असताना तिने दुधात तरंगणारी काचेची नळी बघितली. लॅक्टोमीटर. ‘लॅक्टो’ म्हणजे काय, असं तिने विचारलं आणि आईने सांगितलं, लॅटिनमध्ये दूध. शब्दाच्या पोटात दुसरा शब्द असतो, हे कळल्यावर त्या मुलीचा चेहरा असा उजळला, की मारियानला तिच्या सगळ्या नोकरीत तसा चेहरा वर्गात पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून डेलिशाने मोजायच्या यंत्रांची नावं गोळा करायचा नादच लावून घेतला. जेवायला बसलं की एकीने शब्द टाकायचा. दुसरीने लगेच सांगायचं, तो काय मोजतो आणि आला कुठून. विचार करत बसलं तर हरलं.

डुमिंग बांगड्याचा काटा काढता काढता हसायचा. “तुमचा ह्या मीटर-मीटर कधी संपतला गो? माका एकच मीटर ठावक, लायटीचो. तो मेलो नुसतो पळता.”

“पप्पा, तुमका कळना नाय,” डेलिशा म्हणायची. “शब्द मेले तरी त्यांची हाडां ऱ्हवतत.”

डेलिशा शिकायला गोव्याला गेली आणि पुढे समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका बोटीवर नोकरीला लागली. डुमिंगला याचा कोण अभिमान. दोन वर्षांपूर्वी, समुद्र तेलासारखा गुळगुळीत असताना, भरदुपारी, ती बोटीवरून नाहीशी झाली. बाकीचे जेवत होते. कुणी ओरडणं ऐकलं नाही, कुणी पाणी उडालेलं बघितलं नाही. पुष्कळ शोध झाला. पाद्रींनी शवपेटीशिवायच अंत्यप्रार्थनेची मिसा म्हटली. सिमितेरीत, गावच्या दफनभूमीत, तिच्या नावाचा खुरीस, म्हणजे क्रूस, उभा राहिला नाही, कारण मारियानने तो उभा करू दिला नाही. घरातल्या आल्तारापाशी, देव्हाऱ्यापाशी, डेलिशाचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता.

तेव्हापासून त्या घरात कुणी शब्द टाकला नव्हता.

३

वाचेचे व्यायाम करून घ्यायला कुडाळहून स्वप्ना नावाची मुलगी स्कूटरवरून यायची. चुणचुणीत होती आणि मनापासून शिकवायची. मारियानने तिला घडलेलं सांगितलं.

“मॅडम, असं होतं,” स्वप्ना म्हणाली. “नेहमीचे शब्द जातात आणि कुठल्या तरी कोपऱ्यातले वर येतात. काही जण नुसत्या शिव्या देतात, काही जण फक्त आरत्या म्हणतात. अंकलनी वर्षानुवर्षं तुमचं दोघींचं ऐकलंय. ते आत साठून राहिलंय, दुसरं काही नाही.”

मारियानला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आणि म्हणूनच काही दिवसांनी डुमिंग “ऑपिसोमीटर” म्हणाला तेव्हा ती दचकली नाही. ते यंत्र डेलिशाने पणजीत एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं होतं. दांडीला बसवलेलं एक बारीक चाक. नकाशावरच्या वाकड्यातिकड्या रेषेवरून ते फिरवत न्यायचं, आणि मग सरळ पट्टीवर उलटं फिरवत आणायचं. उलटं येता येता ते किती वाट गेलं होतं ते सांगतं. डेलिशाने त्या चाकाने नकाशावरची सगळी कर्लीची खाडी मोजली होती. डुमिंगने त्या चाकात तेल घातलं होतं. त्याला ते नाव ठाऊक असणारच.

“नकाशावरची वळणाची वाट मोजतो,” मारियान त्याच्यापुढे वाकून म्हणाली. “ग्रीक. ओपिसो म्हणजे मागे. उलट.”

दोन वर्षांत पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं. तिने त्या दिवशी स्वतःसाठी बांगड्याचं तिकलं केलं आणि पोटभर जेवली.

तरीही एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. शब्द यायचा तेव्हा डुमिंगचा चेहरा त्यात नसायचा. तोंड उघडायचं, जीभ हलायची, आणि डोळे मात्र आपल्याच घरात कुणी परका वावरत असावा तसे बघत राहायचे.

४

मग ताटं वाजायला लागली.

दुपारची वेळ होती. डुमिंग पडवीत, मारियान आल्ताराची फुलं बदलत होती. स्वयंपाकघरातल्या मांडणीत उभी केलेली स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिण करत होती, अगदी बारीक, मधमाशी काचेवर बसावी तशी. ट्रक गेला असेल म्हणून ती बाहेर बघायला गेली. रस्ता मोकळा होता. खाडीत एकही होडी नव्हती. ती स्वयंपाकघरात पोचली आणि किणकिण थांबली. तिने एका ताटावर तळवा ठेवला. ताट नुसतं गार होतं.

पडवीतून शब्द आला. “ट्रोमोमीटर.”

मारियान उत्तर द्यायला गेली आणि तिला उत्तर सापडेना. हा शब्द तिला माहीत नव्हता.

ती आत गेली. जाडजूड शब्दकोश खाली उतरवला, कडा कसरीने खाल्लेल्या. बोट फिरवत फिरवत शब्दावर आलं. जमिनीचे अतिशय सूक्ष्म कंप मोजणारं यंत्र. ग्रीक ट्रोमोस, थरथर.

डेलिशाने हा शब्द कधी टाकला नव्हता. टाकला असता तर मारियान हरली असती, आणि ज्या दिवशी ती हरायची तो दिवस घरात सणासारखा साजरा व्हायचा. विसरणं शक्य नव्हतं. मग डुमिंगने तो ऐकला कुठे? रविवारी डेलिशा बापाला वेगळा फोन करायची. तेव्हा सांगितला असेल? मला न देता बापाला एक शब्द देऊन ठेवला असेल? तिला एकदम हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून हायसंही वाटलं, कारण त्याचा अर्थ असा, की उलगडा झाला होता. पण ते फोन डुमिंग पडवीत उभा राहून घ्यायचा, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. इंजिन, वारा, सुरमईचा भाव, आणि शेवटी ‘जेवलंस मां?’ दुसरं काही नसायचं.

संध्याकाळी तिने त्याच्या समोर खुर्ची ओढली. “डुमिंग, तुका ह्यो शब्द कोणी सांगल्यान?”

डुमिंगने डावा हात उचलला. बोट खाडीकडे गेलं, पण खाडीपर्यंत पोचलं नाही. ते पडवीच्या पायरीपाशीच थांबलं.

५

स्वप्नाच्या मेहनतीला फळ यायला लागलं ते याच सुमारास. आधी ‘पानी’ आलं. मग ‘पेज’. आणि एके दिवशी स्वप्नाने मारियानकडे बोट दाखवून “ही कोण?” असं विचारलं तेव्हा डुमिंगने ओठ आवळले, मान ताठ केली, आणि जड दरवाजा ढकलावा तसा शब्द बाहेर ढकलला.

“मारू.”

लग्नानंतर तो तिला याच नावाने हाक मारायचा. मारियान पदर तोंडाला लावून रडली. स्वप्नाचेही डोळे भरले. “मॅडम, आता थांबायचं नाही. रोज आपले शब्द. ते इंग्रजी आलं तर लक्षच द्यायचं नाही, उत्तर तर अजिबात द्यायचं नाही. दोन वाटा आहेत, आपण एकच तुडवायची.”

त्या दिवसांत इंग्रजी शब्द आलाच नाही. मीठ कोरडं राहिलं. ताटं गप्प राहिली. डुमिंगचा रंग उजळला. तो “भात” म्हणाला, “ऊन” म्हणाला, शेजारच्या सत्यवतीला बघून “मासो” म्हणाला. सत्यवती मासे विकायची, तिच्या नवऱ्याच्या, लवूच्या, होडीचं इंजिन डुमिंगच्याच हातचं होतं. ती टोपली खाली ठेवून टाळ्या वाजवत हसली.

आणि मारियान? ती खुर्चीच्या मागे उभी राहून वाट बघायची. भांडी घासता घासता नळ बंद करून कान द्यायची. नवऱ्याच्या तोंडून एकेक शब्द परत येत होता आणि प्रत्येक शब्दागणिक कुणीतरी एकेक पाऊल मागे जात होतं, असं तिला वाटायचं. पायरीवरून अंगणात, अंगणातून माडांत, माडांतून खाडीत. रात्री ती प्रार्थनेला बसली की देवाकडे नेमकं काय मागायचं हे तिला सुचेना.

शेवटी तिने स्वप्नाला सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस.

“का मॅडम? माझं काही चुकलं का?”

“नाही गं. ते दमतात.”

स्वप्नाची स्कूटर वळणापलीकडे गेली. डुमिंग ती जाताना बघत होता. मग त्याने डाव्या हाताने मारियानचं मनगट धरलं, दुखेपर्यंत. “मारू,” तो म्हणाला. “मारू. मारू.”

मारियानने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

६

शब्द परत आले. आता ते एकेकटे येत नसत. सकाळी पेजेबरोबर, दुपारी वामकुक्षीत, कधी एकामागून एक. क्लेप्सिड्रा, असं तो एकदा म्हणाला. पाण्यावर चालणारं घड्याळ. मूळ ग्रीक, पाणी चोरणारी. मारियानने ते उत्तर दिलं आणि उंबऱ्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. पण रडतानाही ती तृप्त होती. तिने आता स्वतः विचारायलाही सुरुवात केली होती. तुका थंडी लागता? तू एकटा आसस काय? त्याला उत्तर मिळायचं ते शब्दानेच, आणि ती त्या शब्दातून हवं ते काढून घ्यायची.

डुमिंग मात्र वाळत चालला. ‘पानी’ गेलं, ‘पेज’ गेली. एके दिवशी सत्यवतीने टोपली उतरवली आणि सहज त्याच्या हाताला हात लावला. तिने तो झटकन मागे घेतला.

“बाईनू, हात बघा ह्यांचो. बर्फातल्या सुरमईसारखो लागता.”

“सावलीत बसतत ना.”

“सावलीत?” सत्यवतीने त्याच्या मांडीवर पडलेल्या उन्हाकडे बघितलं. “बाईनू, उद्याच्या उद्या कुडाळाक न्हेया ह्यांका. लवूक गाडी सांगतंय. आणि एक सांगू? माका ह्या पडवीत आताशा बरा वाटना नाय. तुमी कोणाशी बोलतात ओ दिवसभर?”

“ह्यांच्याशीच,” मारियान म्हणाली.

सत्यवती गेल्यावर डुमिंग म्हणाला, “सायक्रोमीटर.”

मारियानच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हवेतली थंडी आणि दमटपणा मोजणारं यंत्र, ग्रीक सायक्रोस म्हणजे थंड. आत्म्याला जो ग्रीक शब्द आहे तोही त्याच कुळातला मानतात, फुंकर मारण्यावरून आलेला. हे सगळं ती कितीदा जेवता जेवता बोलली होती. पण ते तिने उच्चारलं नाही.

या घरात तो शब्द असा कधीच म्हटला जात नव्हता. इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला ‘प’ लिहितात आणि म्हणत नाहीत. लहानग्या डेलिशाला हा अन्याय वाटला होता. “प बिचारो कित्या गप ऱ्हवतलो? माका दिसता मां तो!” तेव्हापासून तिने हट्टाने ‘प्सायक्रोमीटर’ म्हटलं, मोठी झाल्यावरही, बोटीवर नोकरीला लागल्यावरही. एकदा मारियान वर्गात तसंच म्हणून बसली होती आणि पोरं हसली होती.

जीभ लुळी आहे त्याची, मारियानने स्वतःला सांगितलं. प जमत नसेल. पण ‘पानी’ जमलं होतं. ‘पेज’ जमली होती.

तिने त्याचा गार चेहरा दोन्ही हातांत धरला. “प म्हण,” ती म्हणाली. “आमच्या घरात म्हणतत तसा म्हण. एकदा प म्हण गो.”

पुरुषाला कुणी ‘गो’ म्हणत नाही. तिला ते तोंडातून गेल्यावर कळलं. डुमिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं, आतून कुणी ऐकत असल्यासारखं.

“बरा, नको म्हणू,” ती घाईने म्हणाली. “खंय आसस ता तरी सांग. किती लांब?”

“फॅदम.”

हे यंत्र नव्हतं. हे माप होतं. समुद्राची खोली मोजायचं, आपले मच्छीमार दोन्ही हात पसरून दोर मोजतात तो वाव. पण मूळ जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खोली नव्हे. पसरलेले हात. मिठी.

आता मोजणं संपलं, असं मारियानच्या मनात आलं. का, ते तिला कळलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी लवू गाडी घेऊन दुपारनंतर येणार होता. मारियानने डुमिंगचे धुतलेले कपडे पिशवीत भरले, दवाखान्याचे कागद घेतले. पुढच्या दोरीवर त्याचा एक शर्ट राहिला होता. तो काढायला ती अंगणात गेली तेवढ्यात मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

ती धावत आली आणि स्वयंपाकघरातून पडवीत जायच्या दारात उभी राहिली.

डुमिंग उभा होता. टेकूशिवाय, दोन्ही पायांवर, खाडीकडे पाठ करून. त्याचे दोन्ही हात पसरलेले होते, लुळा हातसुद्धा, खांद्याच्या रेषेत ताठ. शर्ट छातीवर दबलेला होता. डाव्या खांद्यापाशी कापडाला एक खोलगट खळगा पडला होता, कुणी डोकं टेकल्यावर पडतो तसा. बाह्यांना मागून चुण्या पडल्या होत्या, मुठीत घट्ट धरल्यासारख्या. त्याच्या पुढ्यात कुणी नव्हतं. दुपारचा लख्ख उजेड होता आणि त्याच्या छातीवरची शर्टाची चौकडी सरळ दिसत होती. फक्त ती चौकडी पाण्याखाली धरलेल्या कापडासारखी हलत होती.

आणि पापणी लवायच्या आत, त्या खळग्याच्या जागी, तिला केसांचा भांग दिसला. मधोमध काढलेला, ओला, पांढराफटक भांग. पुढचं काही नाही. तेवढाच.

“डेलिशा,” मारियान म्हणाली आणि तिने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं.

“येव नको.”

आवाज डुमिंगचा होता. इंजिनाच्या आवाजावरून गावाला हाक मारणारा, जुना, भरदार. त्याचे डोळे आता बाजूला उभे नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि तो सगळाच्या सगळा त्यांत होता.

“येव नको, मारू. ह्या आपला न्हय.”

“डुमिंग, आपला चेडू ता...”

“न्हय. दार लाव.”

त्याचे हात हळूहळू मिटायला लागले. लाटेत सुटलेली होडी अंगावर झेलून धरावी तसे ते मिटत होते, दंडांच्या शिरा तटतटलेल्या, दात आवळलेले. मिठी मारतोय की अडवून धरतोय, हे बघून कळत नव्हतं.

“दार लाव, मारू!”

उभ्या संसारात त्या माणसाने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तिचे हात आपोआप हलले. तिने दार लोटलं, कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

मग दारावर भार आला. धक्का नव्हे, नुसता भार, दमून आलेलं माणूस टेकतं तसा. फळीतून गारवा तिच्या पाठीत उतरला. आणि अगदी कानाशी, डुमिंगच्या नव्हे, बाईच्या नव्हे, पुरुषाच्याही नव्हे अशा आवाजात कुणीतरी म्हणालं,

“प्सायक्रोमीटर.”

मारियानने तोंडावर हात दाबला. ते डेलिशाच म्हणू शकली असती. किंवा ज्याला आदल्या दिवशी मारियानने स्वतःच्या तोंडाने ‘प म्हण’ असं सांगितलं होतं, ते.

“प,” दाराआडून आलं. “प. प.”

जमलं म्हणून खुश झालेल्या पोरासारखं. किंवा बापाला हाक मारताना अर्ध्यावर दम तुटावा तसं. तिचा हात कडीवर गेला. कडी इतकी थंड होती की बोटं चिकटली. तिने हात काढला नाही आणि कडीही काढली नाही. ती तशीच उभी राहिली. आवाज बारीक होत गेला, भार कमी होत गेला, आणि शेवटी पुढच्या अंगणात लवूच्या गाडीचा हॉर्न वाजला.

दार लवूने उघडलं. डुमिंग पडवीत उताणा पडला होता, दोन्ही हात पसरून. फरशी कोरडी होती.

८

दुसरा झटका, असं डॉक्टर म्हणाले. असे पुष्कळ वेळा येतात, हेही म्हणाले.

हात काही केल्या मिटेनात. बायांनी गरम पाण्याचे कपडे ठेवले, लवूने हलक्या हाताने दाबून बघितले. शेवटी तेर्साच्या जपमाळेने बांधून ते छातीवर आणले आणि पेटीचं झाकण घाईने बसवलं. सिमितेरीत मारियान रडली नाही. कबरीशेजारची मोकळी जागा दाखवून पाद्रींनी हळूच विचारलं, इथे डेलिशाच्या नावाचा खुरीस उभारायचा का आता? मारियान म्हणाली, “माका ठावक नाय, फादर.”

आठवडाभराने स्वप्ना भेटायला आली. तिने मारियानचे हात हातात घेतले. “मॅडम, शेवटी काही बोलले का अंकल?”

“बोलले. ‘दार लाव’ म्हणाले.”

“म्हणजे पूर्ण वाक्य?” स्वप्नाचा चेहरा रडता रडता उमलला. “म्हणजे त्यांची भाषा परत आली होती, मॅडम. त्यांची स्वतःची.”

“हो,” मारियान म्हणाली. “अगदी स्पष्ट.”

ती गेल्यावर मारियान आल्तारापाशी उभी राहिली. हल्ली ती पुष्कळदा तिथे उभी राहायची. फोटोतल्या डेलिशाचे केस मोकळे आहेत, वाऱ्याने तोंडावर आलेले. भांग कुठे पाडलाय ते दिसत नाही. आणि आईला आठवत नाही. जिचे केस तिने शाळा संपेपर्यंत रोज विंचरले, तिचा भांग मधोमध होता की बाजूला, हे तिला काही केल्या आठवत नाही.

इंग्रजी शब्द आता त्या घरात ऐकू येत नाही. मीठ कोरडं असतं. मागच्या पडवीचं दार मात्र मारियान लावत नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. खाडीवरचा वारा सरळ आत येतो, दिवा विझवतो, पडद्यांच्या कड्या वाजवतो. मासे द्यायला आलेली सत्यवती एकदा आत डोकावली. स्वयंपाकघराच्या जमिनीवर चुलीपर्यंत वाळूचा थर पसरला होता आणि मारियान दाराकडे तोंड करून बसली होती.

“बाईनू, दार लावा ओ,” सत्यवती म्हणाली. “रेती येता घरात.”

“येवंदे,” मारियान म्हणाली.